जिवाणूंच्या विषातून जिवाणूरोधी पेप्टाइड: निवडीपासून पहिल्या चाचण्यांपर्यंत

जिवाणू जी विषे तयार करतात ती सगळी आपल्यासाठीच असतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक जिवाणूंच्या जनुकसंचात अशी काही लहान प्रथिने दडलेली असतात की जी मोकळी सुटली तर त्याच जिवाणूची वाढ थांबवतात किंवा त्याला मारतात. १९८३ मध्ये ई. कोलायच्या एफ प्लाझ्मिडवरील (प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे लहान कडे) अशा एका जोडीचे काम उलगडले: सीसीडीबी हे विष आणि सीसीडीए हे त्याचे प्रतिविष. विष टिकाऊ असते आणि प्रतिविष अल्पायुषी असते. पेशीविभाजनात प्लाझ्मिड हरवले की प्रतिविषाचा नवा पुरवठा थांबतो, शिल्लक असलेले प्रतिविष लॉन नावाचे प्रोटिएज, म्हणजे प्रथिने कापणारे विकर, तोडून टाकते आणि मोकळे झालेले विष पेशीचा निकाल लावते.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. अशा वेळी जिवाणूने स्वतःच घडवलेल्या शस्त्राचा एखादा तुकडा काढून तो त्याच्यावरच उगारावा, ही कल्पना मोहात पाडणारी आहे. मात्र मेख अशी की यांपैकी बहुतेक विषे पेशीच्या आत जन्मतात आणि आतच काम करतात, त्यामुळे बाहेरून आत शिरण्याची कला त्यांना कधी शिकावीच लागलेली नाही. आपण बनवणार ते पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, मात्र बाहेरूनच येणार असते. पुढच्या प्रत्येक पायरीवर हा फरक डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तो विसरल्यामुळे वाया गेलेली संश्लेषणे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांत माझीही आहेत.

विष घाव कुठे घालते?

अनुक्रम उघडून बसण्याआधी निवडलेले विष नेमके कुठे काम करते, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता आले नाही तर ते विष तूर्त बाजूला ठेवावे. व्यवहारात तीन शक्यता समोर येतात.

पहिली शक्यता पेशीपटलाची. ज्या प्रणालींमध्ये प्रतिविष हे प्रथिन नसून आरएनए असते, त्यांतील विषे बहुधा लहान आणि जलविरोधी असतात: आर१ प्लाझ्मिडवरील हॉक ५२ अमिनो आम्लांचे, ई. कोलायचे टिसबी २९ अमिनो आम्लांचे, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे पेपए१ अवघ्या ३० अमिनो आम्लांचे आहे. ही सगळी पटलात शिरून पेशीची ऊर्जाव्यवस्था मोडतात. याच जिवाणूचे २६ अमिनो आम्लांचे डेल्टा विष प्रतिविषाच्या जोडीतले नाही, तो ते बाहेर सोडतो. पण तेही पटलावरच काम करते आणि पेप्टाइड-रचना शिकण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

दुसरी शक्यता आतल्या लक्ष्याची. सीसीडीबी आणि पॅरई ही विषे डीएनएला पीळ देणाऱ्या डीएनए गायरेज या विकराला वेठीस धरतात, तर मॅझएफ हे एसीए या क्रमापाशी आरएनए कापते. इथे एक भेद ध्यानात घ्यावा. गायरेजला चिकटून त्याला अडवणाऱ्या विषाचा चिकटणारा भाग वेगळा काढता येण्याची निदान शक्यता असते. मॅझएफसारखे विष मात्र स्वतःच एक विकर असल्याने त्याची कापण्याची क्षमता संपूर्ण घडीवर अवलंबून असते. त्याचा १५ अमिनो आम्लांचा तुकडा आरएनए कापील, ही आशा बाळगण्यात अर्थ नाही.

तिसरी शक्यता विष आणि प्रतिविष यांच्या मिठीत पाचर मारण्याची. प्रतिविषाच्या पकडीची नक्कल करणारे पेप्टाइड विषाला चिकटते, खऱ्या प्रतिविषाला बाजूला सारते आणि जिवाणूचे स्वतःचे विष मोकळे होते, अशी ही योजना आहे. क्षयाच्या जिवाणूत अशा ८० हून अधिक जोड्या असल्यामुळे ही वाट आकर्षक वाटते. तरीही नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. एक तर प्रतिविषाची नक्कल विषाला मोकळे करण्याऐवजी स्वतःच शांत करून ठेवू शकते. दुसरे म्हणजे अर्धवट मोकळे झालेले विष जिवाणूला न मारता नुसते झोपवू शकते, आणि झोपलेला जिवाणू प्रतिजैविकाला सहज तोंड देतो. टिसबीच्या बाबतीत हे दिसलेले आहे: डीएनएला इजा झाल्यावर पेशी ते बनवते आणि त्यामुळे सुप्त, चिवट पेशींचे प्रमाण वाढते.

तुकडा निवडणे

विष-प्रतिविष जोड्यांसाठी टीएडीबी हा माहितीसंच आणि त्रिमितीय रचनांसाठी पीडीबी ही दोन ठिकाणे सुरुवातीला पुरेशी आहेत. एकाच कुटुंबातील विषांचे अनुक्रम शेजारी मांडून जे अवशेष (साखळीतील एकेक अमिनो आम्ल) बदलत नाहीत ते चिन्हांकित करावेत. तेवढ्यावर थांबू नये, कारण काही अवशेष केवळ घडी टिकवण्यासाठी जपलेले असतात आणि तुकडा कापताच त्यांचे प्रयोजन संपते. उत्परिवर्तनाच्या प्रयोगांतून मिळालेला पुरावा याहून वजनदार असतो.

सीसीडीबी या दृष्टीने उद्बोधक आहे. १०१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाचे शेवटचे तीन अवशेष बिघडले की मारकता जाते, पण प्रतिविषाशी जुळण्याचे काम चालू राहते. त्या तिघांतील ९९ क्रमांकाचे ट्रिप्टोफॅन गायरेजच्या ए उपघटकातील ४६२ क्रमांकाच्या आर्जिनिनावर रचले जाते. हे वाचल्यावर शेवटचे दहा-बारा अवशेष कापून पेप्टाइड मागवावे, असा मोह होतोच. रचना फिरवून पाहिली म्हणजे अडचण कळते: सीसीडीबी जोडीने काम करते, दोन्ही उपघटकांची ट्रिप्टोफॅने ठरावीक अंतरावर धरलेली असतात, आणि एकटे सुटे पेप्टाइड ती भूमिती देऊ शकत नाही. तेव्हा असा तुकडा घ्यायचा असेल तर दोन शेपट्या एका जोडकाने बांधण्याचा किंवा तुकडा वर्तुळाकार करून त्याचा आकार जखडण्याचा विचार आराखड्यातच असावा लागतो.

कापताना घडीचा घटक मध्येच तोडू नये. हेलिक्स, म्हणजे मळसूत्री घडी, घेतला तर दोन्ही टोकांना एकेक वळण जास्त ठेवून घ्यावे आणि पुढच्या फेरीत छाटावे. लांबी १२ ते २५ अवशेषांत ठेवणे संश्लेषणाच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते.

चाकावर मांडून पाहू: डेल्टा विष

पटलावर काम करणाऱ्या पेप्टाइडची रचना म्हणजे मुख्यतः तीन गोष्टींचा हिशेब: प्रभार, जलविरोधी भाग आणि त्या दोहोंची हेलिक्सवरील मांडणी. डेल्टा विषाचे २६ अवशेष घेऊन हा हिशेब हातानेच करून पाहावा. सॉफ्टवेअर नंतर वापरता येईल.

आधी प्रभार मोजू. १४, २२, २५ आणि २६ या स्थानांवर लायसिन आहे, म्हणजे अधिक चार. ४, ११ आणि १८ या स्थानांवर ॲस्पार्टिक आम्ल आहे, म्हणजे उणे तीन. नैसर्गिक रेणूचे आरंभीचे टोक फॉर्मिल गटाने झाकलेले असल्यामुळे तिथे प्रभार नाही आणि शेवटच्या टोकाचा कार्बोक्झिल गट उणे एक आहे. एकूण बेरीज शून्य. जिवाणूचे बाह्य पृष्ठ ऋणप्रभारित असते, तेव्हा शून्य प्रभाराच्या पेप्टाइडला तिकडे ओढले जाण्याचे खास कारण उरत नाही. डेल्टा विष रक्तपेशी फोडते, पण जिवाणूंवर त्याचा प्रभाव पडत नाही, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात मधमाशीच्या विषातील मेलिटिनशी तुलना करून दाखवले. मेलिटिन हेही २६ अवशेषांचेच. पण त्याचा प्रभार अधिक सहा आहे आणि ते दोन्ही प्रकारच्या पेशी फोडते.

आता मांडणी पाहू. हेलिक्सकडे टोकाकडून पाहिले की अवशेष चाकाच्या कडेवर बसल्यासारखे दिसतात. अल्फा हेलिक्समध्ये प्रत्येक पुढचा अवशेष १०० अंशांनी वळतो. पहिल्या अवशेषाला शून्य अंशावर ठेवले तर चौथा ३०० वर, अकरावा २८० वर आणि अठरावा २६० वर येतो. म्हणजे तिन्ही ॲस्पार्टिक आम्ले चाकाच्या एकाच बाजूला, एकमेकांना लागून बसतात. २२ आणि २५ या स्थानांवरील लायसिनेही त्याच पट्ट्यात येतात. पाचवे आयसोल्यूसिन ४० वर, नववे ८० वर, सोळावे ६० वर, विसावे व्हॅलिन १०० वर, तर बारावे ल्यूसिन २० वर. चाक जणू सुरीने दोन भागांत कापलेले आहे: २० ते १६० अंश जलविरोधी, २०० ते ३४० अंश जलस्नेही. फक्त पंधरावे ट्रिप्टोफॅन ३२० वर, म्हणजे जलस्नेही बाजूच्या काठाजवळ भरकटलेले दिसते.

इथून पहिला बदल आपोआप सुचतो. ११ आणि १८ या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी लायसिन घालावे, आरंभीचे टोक फॉर्मिलविना मोकळे ठेवावे आणि शेवटचे टोक अमाइड करावे. हिशेब असा: लायसिने सहा, मोकळे टोक एक, उरलेले ॲस्पार्टिक आम्ल उणे एक, अमाइडचे शून्य, एकूण अधिक सहा. मेलिटिनइतकाच प्रभार मिळाला आणि जलविरोधी बाजूला हातही लागला नाही.

पण यातच पुढची अडचण दडली आहे. जलविरोधी बाजू तशीच राहिली म्हणजे रक्तपेशी फोडण्याची ताकदही तशीच राहिली. सीसीएमबीतील कामात मोजक्या बदलांनी जिवाणूरोधी गुण मिळाला, परंतु रक्तपेशी फोडण्याचा गुणही सोबत होता. प्रभार वाढवणे ही निम्मीच लढाई असते. निवडकता मिळवायची तर जलविरोधी बाजूचा जोर मोजून-मापून कमी करावा लागतो. त्यासाठी त्या बाजूच्या मध्याजवळचा एक अवशेष, इथे ८० अंशांवरचे नववे आयसोल्यूसिन, ॲलॅनिनने बदलणे हा सौम्य उपाय. त्याच जागी लायसिन घालणे हा कडक उपाय. आणि डी-रूपातील, म्हणजे नेहमीच्या अमिनो आम्लाची आरशातील प्रतिमा असलेले, अमिनो आम्ल घालून हेलिक्सच मध्ये सैल करणे हा तिसरा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कोणत्या बदलाने काय घडले हे नंतर सांगता येत नाही.

फ्रान्समधील रेन येथील गटाने पेपए१ बाबत याहून धाडसी मार्ग घेतला. मूळ ३० अवशेषांचे विष मानवी रक्तपेशींनाही फोडत होते. त्यांनी त्यातून सात घटकांची वर्तुळाकार, अंशतः अनैसर्गिक घटकांची संयुगे घडवली आणि २०१५ मध्ये दाखवले की ती ग्राम-धन व (जादा बाह्य पटल असलेल्या) ग्राम-ऋण अशा दोन्ही जिवाणूंवर चालतात आणि रक्तपेशींना फारशी इजा करत नाहीत. पुढे २०१९ मध्ये या वंशातील संयुगे उंदरांतील संसर्गावरही तपासली गेली. मूळ विषाशी किती साम्य राखायचे, याबद्दल हळवे राहू नये, हा त्यातला धडा मला महत्त्वाचा वाटतो.

आतल्या लक्ष्याचा मार्ग निवडला असेल तर

पॅरईवरून ब्राझीलमध्ये तयार झालेल्या पेप्टाइडांनी परीक्षानळीत गायरेज आणि टोपोआयसोमरेज ४ ही दोन्ही विकरे रोखली. अखंड पेशीच्या आत पोहोचणे मात्र वेगळाच प्रश्न ठरला. हे अपेक्षितच म्हणायला हवे. ग्राम-ऋण जिवाणूच्या बाह्य पटलातील पोरिन नावाच्या छिद्रांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात. अमिनो आम्लाचा एक अवशेष सरासरी ११० डाल्टनचा, म्हणजे १७ अवशेषांचे पेप्टाइड या मर्यादेच्या तिप्पट होते.

उपाय आहेत, पण फुकटचा एकही नाही. लायसिन-फेनिलॲलॅनिन-फेनिलॲलॅनिन या त्रिकाची तीनदा पुनरावृत्ती करून शेवटी लायसिन जोडलेले वाहक पेप्टाइड जिवाणूंत सामान नेण्यासाठी प्रसिद्ध आहे. ते जोडले की लांबी दहाने वाढते आणि ते वाहक स्वतःच थोडेफार पटल फोडते. लिपोसोम नावाच्या मेदाच्या सूक्ष्म पिशवीत कोंडणे हा दुसरा मार्ग आहे. तिसरा मार्ग लोह गोळा करणाऱ्या सिडेरोफोर रेणूला पेप्टाइड जोडून जिवाणूच्या लोहमार्गाने आत शिरण्याचा. सेफिडेरोकॉल हे २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले प्रतिजैविक याच तत्त्वावर चालते. कोणताही मार्ग घेतला तरी नुसते वाहक, नुसते पेप्टाइड आणि दोहोंचे साधे मिश्रण हे तीन नियंत्रण-नमुने मागवावेतच. वाहकाचे श्रेय पेप्टाइडला देऊन लिहिलेले निष्कर्ष या क्षेत्रात विरळा नाहीत.

संगणकाकडून किती अपेक्षा ठेवावी

हेलिक्वेस्टवर चाक आणि जलविरोधी आघूर्ण (जलविरोधी भाग एका बाजूला किती एकवटला आहे याचे माप) झटपट मिळते. एपीडी, डीबीएएएसपी आणि मुंबईत विकसित झालेला कॅम्प हे पेप्टाइडांचे माहितीसंच आपला अनुक्रम कोणाशी मिळताजुळता आहे हे सांगतात. रक्तपेशींवरील परिणामाचा अंदाज हीमोपीआय देते, तर विषारीपणाचा अंदाज टॉक्सिनप्रेड देते. ही साधने चाळणीसारखी वापरावीत, न्यायाधीशासारखी नाही. ती ज्या माहितीवर शिकली आहेत तिच्यात यशस्वी पेप्टाइडांची गर्दी आहे आणि फसलेली क्वचितच छापली जातात; आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एक-दोन अवशेषांनी भिन्न असलेल्या दोन पेप्टाइडांपैकी कोणते सरस, हे त्यांना बहुधा कळत नाही, आणि आपल्याला तर नेमके तेच हवे असते. डॉकिंगचे, म्हणजे रेणू लक्ष्यात कसा बसेल याच्या संगणकी अंदाजाचे, गुणही लवचीक पेप्टाइडांबाबत जपूनच वाचावेत.

मागणी देण्यापूर्वी संच पक्का करा

पहिल्या फेरीत सहा ते आठ पेप्टाइडे पुरतात: मूळ तुकडा, प्रभार वाढवलेले रूप, जलविरोधी बाजू हलकी केलेली दोन रूपे, एक छाटलेले रूप आणि एक विस्कटलेले रूप. विस्कटलेले म्हणजे तेच अवशेष, त्याच संख्येने, पण वेगळ्या क्रमाने. हा क्रम डोळे मिटून बनवू नये. यदृच्छेने केलेली विस्कट कधीकधी चाकावर पुन्हा सुबक दोन भागांत पडते आणि नियंत्रण-नमुनाच जिवाणू मारू लागतो. म्हणून तो क्रमही चाकावर मांडून पाहावा. कोणता आकडा आला तर हे पेप्टाइड सोडून द्यायचे, हेही याच वेळी वहीत लिहून ठेवावे. चाचणीनंतर ठरवलेली पट्टी नेहमी आपल्या लाडक्या रेणूच्या उंचीचीच निघते.

संश्लेषण आणि वजनाचा घोळ

घन आधारावरील संश्लेषणाची पद्धत मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज एफमॉक रसायनाने ती सर्वत्र चालते. शेवटचे टोक अमाइड हवे असेल तर रिंक अमाइड रेझिन घ्यावे. मेथिओनिन साठवणीत ऑक्सिडीकृत होऊन वस्तुमान १६ डाल्टनने वाढते, तेव्हा त्याचे काम केवळ जलविरोधी असेल तर नॉरल्यूसिनने बदलावे. शुद्धता एचपीएलसी या पृथक्करण यंत्रावर ९५ टक्क्यांहून अधिक आणि वस्तुमान मास स्पेक्ट्रोमीटरवर जुळलेले असल्याखेरीज कोणतीही जैविक चाचणी करू नये.

कुपीतील पांढरी पूड म्हणजे सगळे पेप्टाइड नव्हे. शुद्धीकरणात वापरलेले ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल प्रत्येक धनप्रभारित गटाला क्षाररूपाने चिकटून येते. आपल्या डेल्टा-रूपात असे गट सात आहेत, सहा लायसिने आणि एक मोकळे टोक. प्रत्येकी ११४ डाल्टन धरले तर ७९८ डाल्टन झाले. पेप्टाइड सुमारे ३००० डाल्टनचे धरू. म्हणजे पुडीच्या वजनापैकी सुमारे २१ टक्के निव्वळ आम्ल, आणि शोषलेले पाणी वेगळेच. पूड तोलून केलेले द्रावण त्यामुळे पाचव्या हिश्शाहून अधिक पातळ निघते. अनुक्रमात ट्रिप्टोफॅन असेल तर २८० नॅनोमीटरवरील शोषणावरून संहती काढावी, नसेल तर अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्यावे. हे आम्ल मानवी पेशींच्या चाचणीतही ढवळाढवळ करते, म्हणून अंतिम नमुने ॲसिटेट किंवा क्लोराइड क्षारात बदलून घेणे बरे.

एमआयसी: पहिला खरा कौल

किमान रोधक संहती, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत एमआयसी, द्रव माध्यमातील सूक्ष्म-विरलन पद्धतीने काढावी. धन-आयन समायोजित म्युलर-हिंटन माध्यम घ्यावे, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेळी निम्मे करत १२८ मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटरपासून खाली यावे. ताज्या वसाहती मॅकफार्लंड ०.५ इतक्या गढूळपणाला आणून असे विरलन करावे की खळग्यात अखेर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू राहतील. ही संख्या गृहीत न धरता त्याच दिवशी आगारवर पसरून मोजावी, कारण पटल फोडणाऱ्या पेप्टाइडांची एमआयसी जिवाणूंच्या संख्येवर फार अवलंबून असते. ३५ अंश सेल्सिअसला १६ ते २० तासांनी वाचन घ्यावे. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ हे संदर्भ-जिवाणू आणि कोलिस्टिन वा मेलिटिनसारखे ज्ञात औषध सोबत असावे; कोलिस्टिन ग्राम-धन जिवाणूंवर चालत नाही, हे विसरू नये.

प्लेट कशाची आहे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. माझ्या पहिल्या संचातील पाचही धनप्रभारित पेप्टाइडे निष्प्रभ ठरली होती आणि ती फाइल मी बंदही केली होती. काही आठवड्यांनी तोच साठा पॉलिप्रॉपिलीनच्या प्लेटमध्ये पुन्हा लावला तेव्हा त्यांपैकी दोघांची एमआयसी चार पटींनी खाली आली. आधीची प्लेट पॉलिस्टायरीनची होती आणि पेप्टाइड जिवाणूंऐवजी तिच्याच भिंतींना चिकटत होते. तेव्हापासून विरलनासाठीच्या नळ्या, टोके आणि प्लेट सगळे पॉलिप्रॉपिलीनचे घेतो आणि विरलन ०.०१ टक्के ॲसेटिक आम्ल व ०.२ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन असलेल्या द्रावणात करतो. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून पेप्टाइड गाळणेही याच कारणाने टाळावे.

तुलना करताना आकडे मायक्रोमोलरमध्येही द्यावेत. ३२ मायक्रोग्रॅम हा आकडा मोठा दिसतो, पण ३००० डाल्टनच्या पेप्टाइडसाठी तो जेमतेम १०.७ मायक्रोमोलर होतो. शिवाय १५० मिलिमोलर मिठाच्या उपस्थितीत आणि थोड्या सीरमसह एमआयसी पुन्हा काढावी. कागदावर देखणी दिसणारी बरीच पेप्टाइडे इथेच गळतात.

रक्तपेशी आणि इतर मानवी पेशी

धुतलेल्या लाल पेशी पेप्टाइडसोबत ३७ अंशांवर एक तास ठेवून, सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचे ५४० नॅनोमीटरवर शोषण मोजावे. ट्रायटन एक्स-१०० ने फुटलेल्या पेशी म्हणजे १०० टक्के, नुसते बफर म्हणजे शून्य. मानवी रक्त वापरण्यासाठी नीतिमत्ता समितीची मान्यता आधीच घेतलेली असावी. जिथे १० टक्के पेशी फुटतात ती संहती भागिले एमआयसी, हे गुणोत्तर मी पाहतो. निम्म्या पेशी फुटण्याचा आकडा दिसायला छान असला तरी रक्तात सोडायच्या द्रव्यासाठी तो फार उदार आहे. लाल पेशींत केंद्रक नसते, म्हणून एचईके२९३ सारख्या पेशींवर त्या जिवंत आहेत का हे पाहणारी एमटीटी चाचणीही सोबत करावी.

मारते कसे, हे सिद्ध करणे

पटलाचा दावा असेल तर तीन प्रश्न विचारावेत. बाह्य पटल सैल होते का, यासाठी एनपीएन रंजक. आतल्या पटलाचा विद्युत्दाब ढासळतो का, यासाठी डिस्क३(५). आणि पटलाला भोक पडते का, यासाठी सायटॉक्स ग्रीन किंवा प्रोपिडियम आयोडाइड. वर्तुळाकार द्विवर्णता (पेप्टाइडची घडी प्रकाशशोषणातून दाखवणारी पद्धत) हिच्या आलेखात २०८ आणि २२२ नॅनोमीटरवर खळगे दिसले तर हेलिक्स तयार झाला असे समजावे. ते पाण्यात दिसत नसून एसडीएसच्या मायसेलमध्ये, म्हणजे पटलाची नक्कल करणाऱ्या साबणरेणूंच्या गोळ्यांत, दिसत असतील तर चिंतेचे कारण नाही, कारण असे पेप्टाइड पटलाशी आल्यावरच घडी घेते. वेळेनुसार मृत्यूचा आलेखही बोलका असतो. पटल फोडणारे पेप्टाइड काही मिनिटांत काम उरकते, गायरेज अडवणाऱ्याला याहून बराच वेळ लागतो.

गायरेजचा दावा असेल तर अधिक सावध राहावे. प्रयोग सोपा आहे: सैल केलेले पीबीआर३२२ प्लाझ्मिड, एटीपी आणि गायरेज एकत्र ठेवले की प्लाझ्मिड पिळले जाते आणि ॲगरोज जेलमध्ये वेगाने धावते, गायरेज अडले की ते सैलच राहते. जेल धावत असताना त्यात इथिडियम ब्रोमाइड नसावे, रंग नंतर द्यावा. धोका असा की अधिक सहा प्रभाराचे कोणतेही पेप्टाइड ऋणप्रभारित डीएनएला गुंडाळून घेते. विकराला मग डीएनएच मिळत नाही आणि जेलवर हुबेहूब गायरेज रोखल्यासारखे चित्र दिसते. म्हणून विकर न घालता नुसते डीएनए आणि पेप्टाइड यांची एक रांग हवी. अभिक्रियेनंतर प्रोटिनेज के ने पेप्टाइड पचवून मगच जेल लावावे, आणि विस्कटलेले पेप्टाइडही त्याच संहतीला तपासावे. डीएनए खळग्यातच अडकून बसलेले दिसले तर निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

सीसीडीबीवरून काढलेल्या पेप्टाइडसाठी याहून निर्णायक पुरावा जनुकशास्त्रातून मिळतो. गायरेजच्या ए उपघटकात ४६२ क्रमांकाच्या आर्जिनिनाऐवजी सिस्टीन असलेला जिवाणू सीसीडीबीला दाद देत नाही. आपले पेप्टाइड खरोखर त्याच जागी बसत असेल तर या जिवाणूवर त्याची एमआयसी लक्षणीयरीत्या चढली पाहिजे. ती जराही हलली नाही, तर पेप्टाइड मारत असेलही, पण आपण म्हणतो त्या मार्गाने नाही.

टिकाऊपणा

पेप्टाइड २५ टक्के मानवी सीरममध्ये ३७ अंशांवर ठेवून ठरावीक वेळांनी एचपीएलसीवर किती शिल्लक आहे ते पाहावे. लायसिन घालून मिळवलेल्या प्रभाराची किंमत इथे मोजावी लागते. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापते. मूळ डेल्टा विषात त्याला १४, २२ आणि २५ नंतर अशा तीन जागा होत्या, आपल्या रूपात ११ आणि १८ धरून त्या पाच झाल्या. त्या दोन जागी लायसिनऐवजी ऑर्निथिन किंवा डायअमिनोब्युटिरिक आम्ल घातले तर प्रभार तोच राहतो आणि ट्रिप्सिनची पकड ढिली पडते.

संपूर्ण पेप्टाइड डी-रूपातील अमिनो आम्लांनी बनवणे हा याहून खर्चिक उपाय आहे, पण तो एकाच कुपीत दोन उत्तरे देतो. आरशातील प्रतिमेसारखे हे पेप्टाइड प्रोटिएजांना ओळखू येत नाही, तेव्हा ते टिकते. आणि पटलाला डावे-उजवे फारसे कळत नसल्यामुळे पटल फोडणाऱ्या पेप्टाइडची एमआयसी दोन्ही रूपांत जवळपास सारखी येते. गायरेजसारख्या प्रथिनाच्या खाचेत बसण्याचा दावा असलेल्या पेप्टाइडचे डी-रूपही तितक्याच जोमाने जिवाणू मारू लागले, तर आधीच्या प्रकरणातील जेल पुन्हा काढून खळग्यांकडे नीट पाहावे.